हायस्कूलमध्ये पोरं आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

शाळा आमची छोटी, सिंधुदुर्गातल्या एका गावात. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, ऑफिसात क्लार्क एक आणि शिपाई मामा एक. क्लार्क म्हणजे मी. खिडकीवर दिवसभर तेच तेच प्रश्न येतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर पण तेच, आणि तिथे उत्तर दिलं तरी तासाभरात ते गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडलं जातं, म्हणून सगळं इथे एकदाच लिहून टाकतोय. हेडसरांनी वाचलंय. दोन ठिकाणी "भाषा जरा नीट करा" म्हणाले, एका ठिकाणी केली.

शाळा किती वाजता भरते?

सोमवार ते शुक्रवार साडेदहाला पहिली घंटा, पाच वाजता सुटते. शनिवारी सकाळची शाळा, साडेसात ते अकरा. उन्हाळ्यात रोजचीच सकाळची होते पण ती कधीपासून ते जिल्हा परिषदेचं पत्र आल्यावरच कळतं, त्याआधी मला रोज विचारून तारीख लवकर येत नाही.

उशीर झाला तर काय करायचं?

राष्ट्रगीत चालू असेल तर जिथे असाल तिथे उभे रहा, गेटवर असाल तर गेटवर. ५२ सेकंदांचं असतं, तेवढ्यात काही बिघडत नाही, दप्तर हलवत धावत येऊन रांगेत घुसू नका. नंतर उशिराच्या वहीत नाव लिहायचं आणि वर्गात जायचं. एसटी उशिरा आली असेल तर लेट धरत नाही, पण "गाडी लेट होती" असं सांगताना एवढं लक्षात ठेवा की त्याच गाडीने येणारी आणखी चार पोरं परिपाठाला उभी असतात.

परिपाठात माझा नंबर आला आणि मला बोलायला जमत नाही, दुसऱ्याला देऊ का?

नाही. सगळ्यांचाच नंबर येतो, हजेरी क्रमांकाने. राष्ट्रगीत, राज्यगीत (हे २०२३ पासून आलं), प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना हे सगळे मिळून म्हणतात, एकट्याने बोलायचं ते फक्त सुविचार, दिनविशेष आणि बातम्या. बातम्या पेपरातून घ्या, रीलमधून नको. आणि सुविचार कृपा करून बदला, "प्रयत्नांती परमेश्वर" एकाच महिन्यात तीन वर्गांनी सांगून झालाय.

पाऊस खूप आहे, शाळा आहे की नाही?

रेड अलर्ट असला की जिल्हाधिकारी सुट्टीचा आदेश काढतात, तो आला की मी ग्रुपवर टाकतो. आदेश नाही म्हणजे शाळा आहे. दर पावसात मागच्या वर्षीचं पत्र कुणीतरी फिरवतं आणि अर्धा वर्ग घरी बसतो, त्यामुळे फॉरवर्ड आलं की आधी वरची तारीख वाचा, मग दप्तर उतरवा.

आता आदेशाचं सोडा. तुमच्या वाडीतल्या साकवावरून (छोट्या पुलावरून) पाणी जात असेल, वहाळ (ओढा) भरला असेल, तर येऊ नका. आदेश असो नसो. घरून एक फोन किंवा मेसेज करा, हजेरीत कारण लिहितो, त्यावरून कुणी काही बोलणार नाही. उलट पाण्यातून चालत आलात तर मात्र बोलणार. दुपारी जोर वाढला तर पलीकडच्या वाड्यांतल्या पोरांना लवकर सोडतो, आणि ती एकत्रच निघतात, मोठी पोरं पुढे मागे. "मला टाकून गेले" अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा दुकानात थांबलेल्याचीच असते.

युनिफॉर्म वाळला नाही तर?

जुलैत वाळतच नाही कुणाचा, माहिती आहे आम्हाला. रंगीत कपडे घालून या पण वर्गशिक्षकांना आल्या आल्या सांगा. पावसाळ्यात बुटांऐवजी सॅंडल, रबरी चप्पल चालते. गणवेश सरकारकडून मिळतो तो आठवीपर्यंत, नववी दहावीचा घरून शिवायचा. लग्नाची मेंदी हातावर असली तर असू दे. केसांना रंग मात्र नको, त्यावर वाद घालायला येऊ नका, मी नियम बनवत नाही.

रजेचा अर्ज कसा लिहायचा, आणि एका दिवसासाठी पण लागतो का?

लागतो. अर्धं पान पुरे: नाव, इयत्ता, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कारण, पालकांची सही. शक्यतो आधी द्या, आजारी पडलात तर आल्यावर द्या. सही पालकांचीच हवी. आईची सही म्हणून तुम्ही जी करता ती आम्ही पाचवीपासून ओळखतो, कारण खरी सही प्रवेश अर्जावर आहे आणि तो अर्ज माझ्या मागच्या कपाटात आहे.

कारण खरं लिहा. "पोटात दुखत होते" एवढंच सगळे लिहितात. जत्रेला गेलो, आंब्याच्या बागेत मदतीला होतो, बहिणीचं लग्न होतं, असं लिहिलंत तर कुणी फाशी देत नाही. जत्रेच्या दिवसांत रात्रभर दशावतार बघून सकाळी वर्गात पेंगत बसणारी पोरं दरवर्षी असतात, आणि राक्षसाचं पात्र करणारा कलाकार कधी कधी त्यांच्याच घरातला असतो, त्यामुळे आमचे सर जास्त काही बोलत नाहीत. पण चाचणी असेल तर ती बुडली म्हणून परत घेत नाही. ठरवा तुम्हीच.

हजेरी कमी पडली तर काय होतं?

दहावीला बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. सलग आजारपण असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्या वेळीच आणून द्या, जानेवारीत मागच्या ऑगस्टचं सर्टिफिकेट आणलं तर ते मला पण पटत नाही आणि वर पण पटत नाही.

गणपतीला सुट्टी किती? मुंबईचे लोक येतात, आधीपासून नाही का मिळणार?

आपल्याकडे गणपतीला इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त सुट्टी असते, हे खरं. पण वर्षाच्या एकूण सुट्ट्या ७६ च्या वर जाता येत नाही, त्यामुळे इथे वाढवली की दुसरीकडे, बहुतेक दिवाळीत, कापली जाते. यादी जूनमध्ये फळ्यावर लागते. चाकरमानी काका दोन दिवस आधी आले म्हणून शाळा दोन दिवस आधी बंद होत नाही.

मी आठवीपर्यंत शाळेत जेवत होतो, नववीत गेल्यावर बंद का केलं?

कारण पोषण आहाराची योजना पहिली ते आठवीच आहे, तांदूळ आणि बाकीचं सामान तेवढ्याच पटाचं येतं. हा प्रश्न दर जूनमध्ये येतो आणि विचारणारा खरंच नाराज असतो, मला पण बरं वाटत नाही पण माझ्या हातात नाही. नववी दहावीवाल्यांनी डबा आणायचा. उरलं तर मावशी देतात, पण त्या भरवशावर डबा विसरू नका. पुस्तकांचं पण तसंच आहे, आठवीपर्यंत मोफत, पुढची बालभारतीची विकत घ्यायची. वरच्या वर्गातल्या पोरांची जुनी पुस्तकं एप्रिलमध्ये ऑफिसात जमा करतो, ज्याला हवी त्याने न लाजता न्यावीत, फक्त अभ्यासक्रम बदललेला नाही ना ते सरांना विचारून न्या.

निळी गोळी घ्यायलाच हवी का? घरी म्हणतात नको.

ती लोहाची गोळी आहे, आठवड्याला एक, रक्त कमी असू नये म्हणून. जेवणानंतरच घ्यायची, उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मग घरी जाऊन "शाळेत काहीतरी दिलं" अशी बातमी होते. शी काळी झाली तर घाबरू नका, लोहाने होते तशी. जंताची गोळी वेगळी, ती चघळून खायची. कुणाला काही आजार असेल, औषधं चालू असतील, तर पालकांनी वर्गशिक्षकांना आधी सांगावं, जबरदस्ती कुणावर करत नाही.

मोबाईल आणला तर चालेल का? क्लासला जायचं असतं, घरी फोन करायचा असतो.

चालणार नाही. घरी फोन करायचा असेल तर ऑफिसातून करा, पैसे घेत नाही. सापडला तर तो कपाटात जातो आणि फक्त पालकांच्या हातात मिळतो, मावशी, काका, शेजारचा दादा यांच्या हातात नाही. आणि पालक, तुम्ही पण शाळेच्या वेळेत पोरांच्या मोबाईलवर फोन करू नका, तो तासाला वाजतो तेव्हाच आम्हाला कळतं की त्याच्याकडे आहे.

एसटीचा पास कसा काढायचा?

मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. मुलांना सवलतीत, ६६.६७ टक्के सूट मिळते म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचे. पूर्वी डेपोत जाऊन रांगेत उभं राहावं लागायचं, २०२४ च्या जूनपासून पास शाळेतच द्यायची पद्धत सुरू झालीय, आम्ही यादी पाठवतो. यादीत नाव यायला मला तुमचा फोटो, आधारची झेरॉक्स आणि गाडीत चढायच्या स्टॉपचं बरोबर नाव लागतं. वाडीचं नाव नको, एसटीच्या तिकिटावर छापून येतं ते नाव. दरवर्षी कुणीतरी घराजवळच्या पिंपळाचं नाव लिहितं.

पास संपायच्या आधी आठवडाभर सांगा, संपल्यावर नाही. कंडक्टरशी भांडून काही होत नाही, त्याला मुदत संपलेला पास चालवायची परवानगी नसते.

बोनाफाईड किती दिवसांत मिळतं?

सकाळी अर्ज दिला तर दुपारी, हेडसर असतील तर. हेडसर मीटिंगला गेले असतील तर दुसऱ्या दिवशी. कशासाठी हवंय ते अर्जात लिहा (शिष्यवृत्ती, बँक, आधार दुरुस्ती, पास) कारण तेच त्यावर लिहावं लागतं. एकदम चार नेऊन ठेवू नका, लोक जुनं बोनाफाईड घेत नाहीत.

रजिस्टरमध्ये माझं नाव किंवा जन्मतारीख चुकलीय. आधारवर बरोबर आहे, तसं करून द्या ना.

हे जरा नीट वाचा, कारण माझा निम्मा वेळ यात जातो.

शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. प्रवेश घेताना त्यात तुमचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात, आधीची शाळा हे सगळं लिहिलं जातं आणि तुमचा रजिस्टर नंबर पडतो. पुढे बोनाफाईड, दाखला, बोर्डाचा फॉर्म, मार्कशीट, सगळं तिथूनच उतरतं. त्यात मी खोडून लिहू शकत नाही. हेडसर पण नाही. आधारवर वेगळं आहे म्हणून रजिस्टर बदलत नाही, आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरतच नाहीत.

बदल करायचा असेल तर प्रस्ताव करावा लागतो, तो ओरोसला शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, त्यांची मान्यता आली की मी लाल शाईने दुरुस्ती करून त्या पत्राचा नंबर आणि तारीख शेजारी लिहितो. प्रस्तावाला जन्माचा दाखला, पालकांचा अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पहिल्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा (तिथल्या रजिस्टरमधल्या तुमच्या नोंदीची नक्कल) लागतो. शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. आमच्याकडची नोंद ही प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून केलेली असते, आणि चूक तिथलीच असेल तर आधी तिथे दुरुस्त व्हायला हवी. पहिलीत नाव घालताना आजोबा गेले होते, त्यांनी पाळण्यातलं नाव सांगितलं, तिथून सगळं सुरू होतं.

शाळेत असतानाच करा. शाळा सोडल्यावर हेच काम फार अवघड होऊन बसतं. आणि दहावीला आल्यावर नाही, आठवीत करा, कारण दहावीचा फॉर्म भरायच्या वेळेला प्रस्ताव ओरोसला अडकलेला असेल तर मी जुन्याच नावाने फॉर्म भरणार, दुसरा मार्ग नाही.

इंग्रजी स्पेलिंगचा वेगळाच खेळ. गावडे, सावंत, गवस, यात डब्ल्यू की व्ही? घरात वडिलांच्या पासबुकावर एक, आईच्या आधारवर दुसरं, मोठ्या भावाच्या मार्कशीटवर तिसरं. घरात बसून एक ठरवा आणि मला लिहून द्या. मी अंदाजाने लिहिलं तर ते आयुष्यभर राहतं.

जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा शाळेचा पुरावा लागतो म्हणाले, तो तुमच्याकडे मिळेल का?

आजोबा आमच्या हायस्कूलला शिकले असतील तर मिळेल, अर्ज द्या, उतारा देतो. पण बहुतेकांचे आजोबा चौथीपर्यंतच शिकलेले, त्यांची नोंद गावच्या जिल्हा परिषद शाळेत. कुठल्या सालाच्या आधीचा पुरावा हवा ते प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जातीला १९५०, विमुक्त भटक्या जमातींना १९६१, इतर मागासवर्गाला १९६७. शोधताना आडनाव धरून शोधू नका, त्या काळात कित्येक नोंदी आडनावाशिवाय किंवा वेगळ्याच आडनावाने आहेत, वडिलांचं नाव आणि वाडी धरून पानं उलटा. आणि जुनी रजिस्टरं हलक्या हाताने, कोपरे तुटतात.

"सर, झिलाचो दाखलो होयो, उद्या मुंबैक जावचा आसा." एका दिवसात मिळतो का?

हे (म्हणजे "मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला हवाय, उद्या मुंबईला जायचंय") जसंच्या तसं ऐकतो मी दर मे महिन्यात. मिळतो, पण अर्ज पालकांनी स्वतः येऊन करायचा, लायब्ररीची पुस्तकं परत केलेली हवीत, आणि हेडसर जागेवर हवेत. ऑनलाइन पण नाव नवीन शाळेकडे सोडावं लागतं, तिकडची शाळा रिक्वेस्ट पाठवते, इकडून मी मंजूर करतो. ते झालं नाही तर पोराचं नाव दोन्हीकडे दिसतं किंवा कुठेच नाही, म्हणून नव्या शाळेत गेल्यावर "रिक्वेस्ट टाकली का" एवढं विचारा.

आठवीपर्यंतच्या पोरांना दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच तसं लिहिलंय. त्यामुळे रात्रीच्या गाडीचं रिझर्वेशन दाखवून माझ्या अंगावर ओरडू नका.

गोव्यात जाणाऱ्यांसाठी: आपल्याकडून पणजी, म्हापशाला जाणारे बरेच आहेत. दुसऱ्या राज्यात जाताना दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, त्यासाठी ओरोसची एक फेरी धरा. दहावी झाल्यावर तिकडच्या कॉलेजला जायचं असेल तर बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, ते आम्ही देत नाही, रत्नागिरीच्या विभागीय मंडळातून येतं.

मूळ दाखला एकदाच मिळतो. हरवला तर दुसरी प्रत देतो, पण त्यासाठी हरवल्याची पोलिसांकडची नोंद आणि प्रतिज्ञापत्र आणायचं, आणि वर लाल अक्षरात "दुय्यम प्रत" असं येतं. हातात पडला की आधी झेरॉक्स काढा, फोटो काढा. लॅमिनेशन करू नका हो. पुढे कुणाला त्यावर शिक्का किंवा शेरा मारायचा असतो तेव्हा ते प्लास्टिक फाडताना दाखला पण फाटतो.

आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना?

करत नव्हते. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, ३५ टक्के हवेत. कमी पडले तर फेरपरीक्षा होते आणि त्यात पण नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. सहावी, सातवीला तसं नाही. "आमच्या दादाला तर ढकलला होता" हे बरोबर आहे, दादाच्या वेळी नियम वेगळा होता.

एनएमएमएस म्हणजे काय आणि बसावं का?

बसावंच. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे ती, आठवीत असताना होते, निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के. दोन पेपर, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न. आमच्यासारख्या अनुदानित शाळेतल्या पोरांसाठीच आहे ती, इंग्लिश मीडियमच्या खासगी शाळेतल्यांना बसता येत नाही, म्हणजे स्पर्धेतले बरेच जण आधीच बाहेर. तरी फॉर्म भरायला मला मागे लागावं लागतं, हे काही मला कळत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून जूनमध्येच काढून ठेवा. बँक खातं पोराच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे. निवड झाल्यावर दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करायचं, ते राहिलं की त्या वर्षीचे पैसे गेले.

ड्रॉइंगच्या परीक्षेचे मार्क दहावीत मिळतात का?

मिळतात. एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट, इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर ७, बी ला ५, सी ला ३ मार्क. सातवी आठवीतच दोन्ही उरकून टाका. प्रस्ताव शाळेकडून जातो, त्यामुळे सर्टिफिकेटची झेरॉक्स ऑफिसात दिली नाही तर मार्क आपोआप चालत येत नाहीत.

दहावीचा फॉर्म भरताना काय बघायचं?

फॉर्म मी भरतो, ऑनलाइन. भरून झाल्यावर बोर्डाकडून प्री-लिस्ट येते, प्रत्येकाची माहिती छापून. ती मी वर्गात आणून प्रत्येकाला दाखवतो आणि सही घेतो. त्या दिवशी गैरहजर राहू नका आणि न वाचता सही करू नका. स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख, फोटो, विषय हे अक्षर न अक्षर बघा. पूर्ण संस्कृत घेतलं असताना संयुक्त छापलंय का, हे तुम्हालाच कळणार. तिथे चूक सापडली तर दहा मिनिटांचं काम असतं, मार्कशीट छापून आल्यावर सापडली तर रत्नागिरी.

दिव्यांग असाल, वाचायला लिहायला अडचण असल्याचं सर्टिफिकेट असेल, तर जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, पण कागद फॉर्मबरोबरच द्यायचे. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो. याची लाज बाळगून कागद लपवणारे पालक आहेत, त्यांना मी स्वतः घरी जाऊन सांगतो.

हॉलतिकीट हरवलं तर परीक्षेला बसू देत नाहीत का?

देतात. हॉलतिकीट ऑनलाइनच येतं, मी प्रिंट काढून हेडसरांची सही शिक्का घेऊन देतो. हरवलं तर परत प्रिंट काढून त्यावर लाल शाईने "द्वितीय प्रत" लिहून देतो. रडायचं नाही, फोन करायचा. पेपर अकराचा असला तरी साडेदहाला वर्गात पाहिजे. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला सुरुवातीला दहा मिनिटं मिळायची, आता ती दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळतात. कॅल्क्युलेटर चालत नाही. कॉपीसाठी १९८२ चा कायदाच आहे, तो शिक्षा करायचा कायदा आहे, दम द्यायचा नाही.

शाळेच्या हातातले २० मार्क सगळ्यांना सारखेच देतात ना? मग वही कशाला?

कोण म्हणालं सारखे देतात? तोंडी, प्रयोगवही, गृहपाठ यावर ते असतात. दर फेब्रुवारीत कुणीतरी एका रात्रीत पूर्ण जर्नल लिहून आणतं, सगळ्या प्रयोगांना एकाच पेनाची एकच शाई आणि पहिल्या पानापेक्षा शेवटच्या पानावरचं अक्षर झोपलेलं. मॅडमना ते दिसतं.

एक दोन विषय राहिले तर वर्ष गेलं का?

नाही. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैत होते. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश पण मिळतो. गणिताचे दोन पेपर आणि शाळेचे २० मिळून ३५ बघतात, विज्ञानाचं पण तसंच, त्यामुळे एका पेपरात फज्जा उडाला म्हणून दुसऱ्याला दांडी मारू नका. टक्केवारी सर्वात चांगल्या पाच विषयांची, ५०० पैकी काढतात, पण पास मात्र सगळ्यांत व्हावं लागतं.

कोकण विभागाचा दहावीचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला असतो, २०२५ ला ९८.८२ टक्के होता. याचा एक तोटा असा की जे राहतात ते तोंड लपवून बसतात आणि पुरवणीचा फॉर्म भरायला येतच नाहीत. या हो. फॉर्म मी भरून देतो, कोण बघणार पण नाही, दुपारी तीननंतर ऑफिस रिकामं असतं.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून पूर्ण राज्यात ऑनलाइन झालेत, आपल्या गावाजवळच्या कॉलेजला जायचं असलं तरी अर्ज ऑनलाइनच. ओटीपी येणारा नंबर घरातला आणि कायम चालू असलेला द्या, रिचार्ज संपलेला नको.

सरांनी मारलं तर?

मारायला परवानगी नाही. अपमान करायला पण नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ पासून हे स्पष्ट आहे, आणि "आमच्या वेळी तर छड्या खाल्ल्या म्हणून सुधारलो" असं म्हणणाऱ्या पालकांना माझं एकच म्हणणं, ज्यांनी शाळा सोडली ते सांगायला इथे आले नाहीत. वर्गशिक्षकांना सांगा, हेडसरांना सांगा. त्यांच्याबद्दलच सांगायचं असेल तर जिन्याखाली तक्रारपेटी आहे, नाव नाही लिहिलं तरी चालतं, चावी माझ्याकडे नसते. मुलींसाठी सखी सावित्री समिती आहे, सदस्यांची नावं फळ्याशेजारी लावलीत. शाळेत, क्लासला, गाडीत, घरात, कुठेही कुणी नको तसं वागत असेल आणि कुणालाच सांगता येत नसेल तर १०९८ ला फोन करा, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. त्यासाठी ऑफिसचा फोन मागितलात तर मी बाहेर जाऊन उभा राहीन, कशासाठी ते विचारणार नाही.

सहलीला यायचंच असं आहे का?

नाही. पैसे नाहीत म्हणून येत नसाल तर मात्र वर्गशिक्षकांना हळूच सांगा, काहीतरी करतो. सहल एसटीनेच जाते, शाळेला भाड्यात ५० टक्के सवलत असते म्हणून परवडते, खासगी गाडी हवी म्हणून हट्ट धरू नका. पालकांचं संमतीपत्र नसेल तर गाडीत चढता येत नाही, सकाळी पाच वाजता गेटवर उभं राहून फोनवर "हो म्हणतात बाबा" हे चालत नाही. उलटी होणाऱ्यांनी पुढे बसा आणि आदल्या रात्री तिखट खाऊ नका.

गॅदरिंगला कुठलं पण गाणं चालतं का?

आधी मॅडमना ऐकवा. पेन ड्राइव्हवर आणा, मोबाईलवरून लावताना मध्येच कुणाचा तरी फोन येतो.

माझी छत्री कुणीतरी नेली.

काळी होती ना? सगळ्यांच्याच काळ्या असतात. दांड्याला रंगीत दोरा बांधा, आत पांढऱ्या ऑइल पेंटने नाव लिहा. सापडलेल्या सगळ्या वस्तू ऑफिसच्या मागच्या खोलीत आहेत, त्यात सध्या छत्र्या, डब्यांची झाकणं, एकेक मोजा आणि एक चष्मा आहे. चष्म्याचा नंबर बराच जास्त दिसतोय, ज्याचा असेल त्याला फळा दिसत नसणार, शेजारी बसणाऱ्याने त्याला हे वाचून दाखवा आणि पाठवून द्या.